टूलचं खातं वेगळं, जॉबचं खातं वेगळं

डिचोलीच्या एका पतसंस्थेत मी ३१ वर्षं खतावण्या लिहिल्या. निवृत्त झाल्यावर पडवीत एक छोटा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायचं यंत्र, आणून बसवला आणि त्याला पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी, बॉलस्क्रू आणि जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्ससीएनसी हा यंत्र चालवणारा प्रोग्रॅम जोडला. पहिले दोन महिने एकही माप मनासारखं आलं नाही. यंत्र बरोबर होतं, चूक माझ्या हिशेबात होती. एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे टाकत होतो.

या लेथला दोन खाती असतात. एक टूल टेबल. कापणाऱ्या प्रत्येक टूलचं टोक यंत्राच्या होमपासून, म्हणजे त्याच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागेपासून, कुठे आहे ते त्यात राहतं; त्या आकड्याला ऑफसेट म्हणतात. दुसरं जी-५४, त्यात जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, शून्य कुठे ते राहतं. पडद्यावर 'टच ऑफ' आणि 'टूल टच ऑफ' अशी दोन बटणं शेजारीशेजारी आहेत. पहिलं जॉबच्या खात्यात लिहितं, दुसरं टूलच्या. माझा नियम असा: एक्स (आडवी चाल, तिच्यावर डाया म्हणजे व्यास ठरतो) नेहमी टूलच्या खात्यात. जी-५४ चा एक्स शून्य ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही, कारण एक्सचा शून्य म्हणजे स्पिंडलचा (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा) मध्य आणि जॉब बदलला म्हणून मध्य काही हलत नाही. झेडमध्ये (लांबीच्या चालीत) टूलांची आपसातली तफावत टूलच्या खात्यात, आणि जॉबचा फेस, म्हणजे त्याचं सपाट टोक, कुठे आहे ते जी-५४ मध्ये.

पण आकड्यांना हात लावण्याआधी टूलची उंची बघा. ही युक्ती मला कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या एका शेजाऱ्याने दाखवली. चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) गोल बार धरायचा, टूलचं टोक आणि बार यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची पट्टी हलकेच दाबायची. पट्टी उभी राहिली तर टोक मध्यावर आहे. पट्टीचा वरचा भाग आपल्याकडे झुकला तर टोक खाली, पलीकडे झुकला तर वर. (टूल पोस्ट आपल्या बाजूला असेल तेव्हाचं हे.) मग फेसिंग करून, म्हणजे फेस सपाट कापून बघायचं. मध्यावर बोंडी उरली तर अजून काम आहे.

उंची चुकली तर बिघडतं काय? टोक ०.३ मिमी खाली आहे असं धरा. २० मिमीच्या बारवर तुम्ही ऑफसेट अगदी काटेकोर लावला, २० चं माप २० आलं. त्याच टूलने ४ मिमीची पिन काढली की ती ४.०३६ येते. ऑफसेट कितीही वेळा लावा, एक माप जुळलं की दुसरं निसटणार. मी यात एक अख्खा रविवार घालवला आहे.

आता टूल नंबर १. हे माझं टर्निंग-फेसिंगचं टूल, बाकी सगळी याच्या तुलनेत मोजायची. यंत्र होम करा. एक्स डाया मोडमध्ये आहे ना ते बघा, म्हणजे जी-७. जी-८ असेल तर त्रिज्या होते आणि मग सगळं दुप्पट किंवा निम्मं येतं. कमांडच्या ओळीत टी१ एम६ जी४३ द्या. जी४३ विसरलात तर टूल बदललं तरी त्याचा ऑफसेट लागू होत नाही. माझा हा विसर दोन वेळा टूल चकच्या जबड्यावर आदळल्यावर गेला.

पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा बार धरून अर्धा मिमीचा हलका कट घ्या, दहाएक मिमी लांब. एक्स हलवू नका, फक्त झेडने बाहेर या. स्पिंडल थांबवा, कडेचा कंगोरा (बर) काढा आणि मायक्रोमीटरने डाया मोजा. व्हर्नियरने नको. जॉब गरम असेल तर थोडं थांबा. २५ मिमी ॲल्युमिनियम २० अंशांनी तापलं की साधारण एक शतांश (०.०१ मिमी) मोठं मोजतं. आलेला आकडा, समजा २३.४७, 'टूल टच ऑफ'मध्ये एक्सपुढे टाका. झालं.

झेडसाठी फेस घ्या, झेड न हलवता एक्सने बाहेर या. टूल नंबर १ चा झेड ऑफसेट टेबलमध्ये शून्यच ठेवायचा. म्हणून इथे साधं 'टच ऑफ' वापरून जी-५४ चा झेड शून्य करा. हा फेस आता सगळ्या टूलांची वेस. बाकीची टूलं लागेपर्यंत बार चकमधून काढू नका आणि तो फेस पुन्हा कापू नका.

बाकीची टूलं कापून नव्हे, टेकवून लावायची. मी झेरॉक्सचा कागद वापरतो. मायक्रोमीटरवर तो ०.१० भरतो, तुमचा तुम्ही मोजा. स्पिंडल बंद, कागदाची पट्टी जॉब आणि टोकाच्या मध्ये हलवत राहायची आणि ०.०१ च्या पावलाने जॉग करायचं, म्हणजे टूल पुढे सरकवायचं. कागद धरला गेला की थांबा. 'टूल टच ऑफ'मध्ये झेडला ०.१० टाका. एक्सला मात्र कागदाची जाडी दोनदा मोजायची, कारण एक्समध्ये आपण डाया लिहितो. बार २३.४७ असेल तर आकडा २३.६७. भाच्याने मागच्या चवथीला आला असताना इथेच ठेच खाल्ली. "मामा, सगळे डाया दहा शतांश मोठे येतात." मी म्हटलं, कागद एकदाच जमा केलास ना? त्याने कपाळाला हात लावला. आतून हिच्या नेवऱ्या तळण्याचा वास येत होता, म्हणून दुरुस्ती दुसऱ्या दिवशीवर गेली.

टेकताना नेहमी ज्या दिशेने कापणार त्याच दिशेने या. कागद फाटला, थोडं मागे घेतलं आणि तिथेच आकडा टाकला, असं करू नका. स्क्रूमधली ढिलाई त्या आकड्यात शिरते. अर्धा मिमी मागे जाऊन पुन्हा पुढे या.

बोरिंग बारला (भोक आतून कापणाऱ्या टूलला) कागद लावत बसू नका. आधी ड्रिल मारून आतून हलका कट घ्या, भोक मोजा आणि तो डाया टाका. आटे पाडायच्या टूलचा झेड डोळ्याने टोक फेसच्या रेषेत आणून लावला तरी चालतो, कारण आटे हवेतून सुरू होतात. खांद्यापर्यंत आटे न्यायचे असतील तर मात्र जपून.

पार्टिंग टूलला (तुकडा कापून वेगळा करणाऱ्या पात्याला) दोन कोपरे असतात. फेसला टेकवताना चककडचा कोपरा टेकतो, म्हणजे शून्य त्या कोपऱ्याचा झाला. आमच्या घरच्या समईच्या दांड्याचे आटे झिजले होते, म्हणून मी तिच्या जोडांसाठी १२ मिमी लांबीची पितळी कडी कापायला घेतली. झेड उणे १२ वर पार्टिंग दिलं, पातं २ मिमीचं. सहाच्या सहा कडी १० मिमीची निघाली. झेड उणे १४ द्यायला हवं होतं. पितळेचा भाव माहीत असलेल्या माणसाला हे कसं लागतं ते वेगळं सांगायला नको. आता मी टूल टेबलच्या शेरा रकान्यात लिहून ठेवलंय: 'डावा कोपरा, पातं २'.

नवा जॉब लावला की फक्त टूल नंबर १ घ्या, फेस करा, साध्या 'टच ऑफ'ने झेड शून्य करा. बाकीची टूलं आपोआप मागे येतात.

चालू कामात १८.०० ऐवजी १८.०६ आलं, तर ऑफसेटमध्ये मिळवायचं की वजा करायचं याचा विचारच करू नका. टूल त्याच दिशेने येऊन एक्स १८.०० वर आणा आणि 'टूल टच ऑफ'मध्ये १८.०६ टाका. टूल नंबर १ ची इन्सर्ट (कापणारा बदलता तुकडा) बदलली तर त्याचा एक्स पुन्हा कापून लावा. नवी इन्सर्ट त्याच खाचेत बसली तरी काही शतांश इकडेतिकडे होतातच.

चूक कुणाच्या खात्यातली आहे ते असं ओळखा. एकाच टूलचं माप चुकलं तर त्या टूलचा ऑफसेट. सगळ्या टूलांचा डाया सारखाच चुकला तर होम स्विच, किंवा जी-५४ च्या एक्समध्ये कुणीतरी काहीतरी लिहिलंय. १२ मिमीला ०.०२ आणि २४ मिमीला ०.०४ अशी चूक मापाबरोबर वाढली तर ऑफसेटला दोष देऊ नका, मोटरच्या पावलांचा हिशेब चुकलाय. लहान डायाला चूक जास्त आली तर पुन्हा ती स्टीलची पट्टी काढा.

आणि पावसाळ्यात वीज गेली की स्टेपरला आपण कुठे होतो ते आठवत नाही. आमच्याकडे जुलैत हे दिवसातून दोनदाही होतं. वीज आली की आधी होम, मग टूल नंबर १ ने मापाच्या पिनवर (जिचा डाया पक्का माहीत आहे तिच्यावर) एक्स ताडून बघायचा, मगच काम. ती पिन तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. माझी पहिली पिन श्रावणापर्यंत गंजून अर्धा शतांश मोठी झाली होती आणि मी त्या पिनेला मानून चार टूलं नव्याने लावली होती.