आर्थिक साक्षरतेवर सर्व्हे करताय? या चुका टाळा

एम.कॉम., एमबीए आणि अर्थशास्त्राच्या प्रकल्पांमध्ये एक विषय दरवर्षी हमखास असतो: ‘आर्थिक साक्षरता आणि खर्चाच्या सवयी, विशेष संदर्भ अमुक तालुका’. विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच यातले बरेच अहवाल वाचताना वाईट वाटतं. ‘लोकांमध्ये आर्थिक जागरूकतेचा अभाव आहे’ असा निष्कर्ष शेवटी येतो. मागे जाऊन प्रश्नावली पाहावी तर मुळात प्रश्नच लोकांच्या व्यवहाराला धरून विचारलेला नसतो.

व्याज वर्षाचं की महिन्याचं?

ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणासाठी तीन प्रश्न तयार केले. एक चक्रवाढ व्याजावर, दुसरा महागाईवर, तिसरा जोखीम विभागण्यावर. आज जगभर हेच प्रश्न वापरतात. आपल्याकडेही डॉलर काढून रुपये घातले की प्रश्नावली तयार, असं समजलं जातं.

दुसरा प्रश्न बघा. बचत खात्यावर वर्षाला १ टक्का व्याज आणि वर्षाची महागाई २ टक्के. वर्षानंतर त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त वस्तू येतील, तेवढ्याच येतील की कमी? अपेक्षित उत्तर ‘कमी’. आता हाच प्रश्न बचत गटातल्या बाईंना तोंडी विचारताना ‘वर्षाला’ हा शब्द घाईत गळला, तर काय होईल? गटातलं अंतर्गत कर्ज, गावातली सावकारी, ओळखीतली उसनवार, सगळीकडे ‘दोन टक्के’ म्हणजे महिन्याला शेकडा दोन रुपये. त्या बाई १ टक्क्याचे वर्षाला १२ धरतात आणि ‘जास्त’ म्हणतात. त्यांचा हिशेब अगदी चोख असतो, पण तुमच्या एक्सेलमध्ये त्यांच्या नावापुढे शून्य पडतं.

उपाय सोपा आहे. टक्के बाजूला ठेवा आणि रुपयांत विचारा: ‘आज १०० रुपये ठेवले, वर्षाने १०१ मिळाले. आज १०० ला मिळणारी वस्तू तेव्हा १०२ ला झाली. तर?’ मुख्य सर्व्हेआधी आठ-दहा जणांना हे प्रश्न विचारून पाहा आणि प्रत्येकाला पुढे विचारा, ‘हे उत्तर तुम्ही कसं काढलंत?’ प्रश्नावलीतल्या निम्म्या चुका इथेच हाती लागतात.

‘माहीत नाही’ हे उत्तर चुकीच्या उत्तरात मिसळू नका. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात हा पर्याय काढून घेतल्यावर अनेक स्त्रियांनी बरोबर उत्तर दिल्याचं दिसलं. म्हणजे काही अंशी कमी होता तो आत्मविश्वास. तुमच्या तक्त्यात बरोबर, चूक आणि माहीत नाही असे तीन रकाने हवेत.

‘तुमचा महिन्याचा खर्च किती?’

या एका ओळीवर अख्खा प्रकल्प उभा करणं ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. किती दिवसांचं आठवून सांगायला लावता, यावर उत्तर बदलतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने १९९९-२००० मध्ये खाण्यापिण्याचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा शेजारी शेजारी विचारला. लोकांनी एका आकड्याशी दुसरा जुळवून घेतला, अशी शंका आली. दारिद्र्य ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आलं की नाही, यावर पुढे कित्येक वर्षं अर्थतज्ज्ञ वाद घालत राहिले. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात तर एकेका घरी तीनदा जाऊन वेगवेगळी प्रश्नावली भरून घेतली.

तुम्हाला तीनदा जाणं जमणार नाही, ठीक आहे. पण भाजी, दूध, फळं आठवड्याची विचारा. किराणा, वीजबिल, रिचार्ज महिन्याचं. फी, विम्याचा हप्ता, दिवाळीचे कपडे, लग्नकार्यातला आहेर वर्षाचा. मग सगळं महिन्यावर आणा. दुकानदाराच्या वहीत मांडलेला माल घेतला त्या महिन्यात धरायचा की उधारी फेडली त्या महिन्यात? भिशीचा हप्ता बचत की खर्च? हे नियम सर्व्हेला निघण्याआधी लिहून ठेवा, नाहीतर दोघं सर्व्हे करणारे दोन तऱ्हेने भरतील. आणि उत्तर कोण देतंय तेही नोंदवा. पेट्रोल आणि हप्ते एकाला ठाऊक, भाजी आणि मुलांची फी दुसऱ्याला, असं असंख्य घरांत असतं. यूपीआयचा इतिहास त्यांनाच उघडून बघायला सांगा, स्क्रीनशॉट मात्र मागू नका.

नमुना

मित्रांच्या ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून तालुक्याबद्दल बोलता येत नाही. ‘३८४ जण पुरेत’ हा प्रसिद्ध आकडासुद्धा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्यासाठी आहे. शीर्षकच आटोपशीर करा: ‘अमुक महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थी’.

साक्षर माणूस खर्च जपून करतो?

नवी मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर फायनान्शियल एज्युकेशनच्या २०१९ च्या सर्वेक्षणातला ‘देशात २७ टक्के लोक आर्थिकदृष्ट्या साक्षर’ हा आकडा प्रत्येक प्रकल्पाच्या प्रस्तावनेत असतो. पण तो फक्त ज्ञानाचा नाही. ज्ञान, वर्तन आणि दृष्टिकोन या तिन्हींत किमान गुण मिळवणाऱ्यांचा आहे. असा एकत्रित गुणांक घेऊन त्याचा बचतीशी सहसंबंध काढला, तर वर्तनाच्या गुणांत बचत आधीच असल्याने ती दोन्ही बाजूंना येते. संबंध मग निघणारच. ज्ञानाचे गुण वेगळे काढा, आणि उत्पन्न व शिक्षण यांचे गट पाडून तुलना करा.

कारणाबद्दल तर फार जपून लिहा. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर यांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आर्थिक शिक्षणाने वर्तनातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग स्पष्ट होत होता. २०२२ मध्ये कायझर आणि सहकाऱ्यांनी ७६ यादृच्छिक प्रयोग तपासले आणि परिणाम त्याहून चांगला आढळला. दोन्ही उद्धृत करा. ‘साक्षरतेमुळे’ लिहिण्याआधी आपण एकदाच सर्व्हे केलाय, हे आठवा.

डेटा आलाय आणि काहीतरी बिनसलंय

खर्च उत्पन्नापेक्षा जास्त निघाला, तर तो फॉर्म बाद करू नका. शेतकऱ्याचं, रिक्षावाल्याचं उत्पन्न महिन्याला सारखं नसतं. कर्ज आणि वर्षाचं उत्पन्न फोन करून विचारा.

सगळीकडे ‘सहमत’वरच खूण असेल, तर उलट अर्थाचं एखादं विधान होतं का बघा. नसेल, तर ही मर्यादा अहवालात लिहा.

क्रॉनबाखचा अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ ला पोचेपर्यंत एकेक प्रश्न उडवू नका. तीन वेगळ्या विषयांच्या तीन प्रश्नांत तो कमी येणं स्वाभाविक आहे.

दरडोई सरासरी संशयास्पद वाटली, तर घरगुती खर्चाच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणाशी ताडून पाहा. मोफत मिळालेल्या वस्तू न धरता देशाची सरासरी ग्रामीण भागात महिना ४,१२२ आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आहे. तुमचा आकडा याच्या निम्माच असेल, तर आधी फी, औषधं आणि घरभाडं विचारायचं राहिलंय का ते तपासा.