डोळे कपाळावर चढतात तेव्हा

तिसरी-चौथीच्या मुलांना चेहरा काढायला दिला की डोळे हमखास कपाळावर जातात. केसांखालचं डोकं ती धरतच नाहीत. ‘डोळे खाली घे’ म्हणून उपयोग झाला नाही. मोजायला लावल्यावर जमलं.

आधी ए-४ कागदावर पुसट अंडाकृती. मग माथा हनुवटीला टेकेल अशी कागदाची घडी. डोळे त्या घडीवर, दोघांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा ठेवून. घडी आणि हनुवटीच्या मधोमध नाकाचं टोक. त्याखाली उरलेल्या जागेचे तीन भाग करायचे, वरचा भाग संपतो त्या रेघेवर ओठ. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. मान मात्र काडीसारखीच येते, ती जवळजवळ जबड्याएवढी रुंद करून घ्यावी. घडी घट्ट दाबू नये. रंग तिच्यात साचून चेहऱ्यावर पट्टा उमटतो.

पेटीतला गुलाबीसर ‘स्किन कलर’ मी काढूनच ठेवतो. आपल्या वर्गात तो कुणाच्या गालाला जुळतो? ऑइल पेस्टलचा पिवळा गेरू खाली, वर हलका तपकिरी, आणि बोटाने चोळणं. सावलीला काळा नको, मळकट दिसतो; गडद तपकिरीत किंचित निळा पुरतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात कागद दमट होतो. जलरंगाचा पहिला हात वाळत नाही, दुसरा त्यात पसरतो, खोडरबराने साल निघते. म्हणून तेव्हा पेस्टलच, जलरंग दिवाळीनंतर.