निष्काळजीपणामुळे घरातील माणूस दगावल्यास मुंबईतील कुटुंबाने दाद कशी मागावी

दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे घरातील माणूस गेला, की पहिले पंधरा दिवस अंत्यविधी, दिवसकार्य आणि भेटायला येणाऱ्यांमध्ये जातात. नेमके त्याच काळात पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात तयार होणाऱ्या कागदांवर पुढचा प्रत्येक दावा उभा राहतो. म्हणून एखादा भाचा, जावई किंवा भरवशाचा शेजारी या कामासाठी ठरवून घ्यावा आणि सर्व कागद त्याच्याच हाती ठेवावेत.

पहिले काम जबाबाचे. मृतदेह लवकर ताब्यात मिळावा या घाईत अनेक कुटुंबे ‘आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही’ या वाक्याखाली सही करून मोकळी होतात आणि पुढे प्रत्येक सुनावणीत तेच वाक्य समोर येते. तसे लिहू देऊ नये. ‘सध्या मनःस्थिती ठीक नाही, तक्रार नंतर देऊ’ एवढेच नोंदवायला सांगावे आणि जबाब वाचून पाहिल्यावरच सही करावी. शवविच्छेदन टाळण्याची विनंतीही करू नये, कारण मृत्यूचे कारण सांगणारा दुसरा तितका भक्कम पुरावा नसतो. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातील अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल, तर अंतिम अहवालाला वेळ लागतो. त्याचा पाठपुरावा तपास अधिकाऱ्याकडे लेखी करावा.

दुसरे काम गुन्हा नोंदवण्याचे. पोलीस सुरुवातीला बहुधा अपमृत्यूची नोंद, म्हणजे एडीआर, करतात. एडीआर म्हणजे एफआयआर नव्हे, हा फरक नातेवाइकांना फार उशिरा कळतो. १ जुलै २०२४ पासून निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. त्याला पाच वर्षांपर्यंत आणि उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तो घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती वरिष्ठांकडे लेखी पाठवून त्याची पोच घ्यावी आणि तरीही हालचाल न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मात्र फौजदारी खटला शिक्षेसाठी असतो. घर चालवण्यासाठी लागणारी भरपाई वेगळ्या ठिकाणी मागावी लागते आणि तिथली मुदत खटल्याच्या निकालासाठी थांबत नाही.

भरपाईसाठी कुठे जायचे, हे मृत्यू कसा आणि कुठे झाला यावर ठरते. मुंबईत पहिला विचार लोकलचा करावा लागतो. गर्दीने भरलेल्या डब्यातून प्रवासी पडला, तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार रेल्वेची चूक सिद्ध करावीच लागत नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो आणि मृत्यूची भरपाई ८ लाख रुपये ठरलेली आहे. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू मात्र यात बसत नाही. त्यामुळे स्टेशन मास्तरांच्या मेमोत आणि लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात ‘गाडीतून पडून’ लिहिले आहे की ‘रूळ ओलांडताना’, हे त्याच दिवशी पाहावे. पाकिटात सापडलेला पास पंचनाम्यात नोंदवला आहे का, तेही पाहावे, आणि तिकीट मोबाईलमध्ये असेल, तर तो फोन जपून ठेवावा. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. वारसांनी प्रतिज्ञापत्र देऊन प्रवासाची हकीकत मांडावी.

रस्ता अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. रक्कम कशी निघते ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. कायम नोकरीतील ३५ वर्षांच्या गृहस्थाचा कर वजा जाता पगार ३०,००० रुपये होता आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. भविष्यातील वाढीचे ५० टक्के धरून पगार ४५,००० होतो. स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यावर ३३,७५० उरतात. वर्षाचे ४,०५,००० झाले आणि या वयाला १६ चा गुणक लावला की ६४,८०,००० रुपये होतात. म्हणूनच पगाराच्या पावत्या आणि वयाचा दाखला यांना इतके मोल आहे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर २ लाख रुपये मिळण्याची वेगळी तरतूद आहे.

रुग्णालयातील मृत्यूत सर्वात आधी केस पेपर लेखी अर्ज करून मागावेत. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. डॉक्टरवर फौजदारी कारवाई होण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले जाते, त्यामुळे तो रस्ता लांबचा आहे. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाणे मला अधिक व्यवहार्य वाटते. आता आयोगाचा स्तर मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर भरलेल्या बिलावर ठरतो. ५० लाखांपर्यंतचे बिल असल्यास जिल्हा आयोग पुरतो आणि आपण राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते.

खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. खड्डा एका रात्रीत बुजवला जातो. त्यामुळे जवळचे दुकान किंवा बसथांबा दिसेल असे फोटो त्याच दिवशी काढावेत. महापालिकेवर दिवाणी दावा करायचा असेल, तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. कामावर असताना कामगार दगावला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते.

वकिलाच्या फीची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. ‘भरपाईतले इतके टक्के माझे’ असा करार करण्यास वकिलांना मनाई आहे. तसा कागद पुढे आला, तर सही करू नये आणि विधवा पत्नीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते अर्ज करण्याआधीच उघडून ठेवावे.