सहकुटुंब पाहण्या-ऐकण्याजोगे निवडताना अभिप्राय कसे वाचावेत

भावंडे, मैत्रिणी, एकत्र कुटुंब अशा विषयांवरच्या चित्रपटांना प्रेक्षक कधीकधी सोबतीच्या आनंदातही सढळ हाताने गुण देतात, ही गोष्ट अभिप्राय वाचायला घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावी. रहस्यपट फसला की प्रेक्षक चिडून लिहितो. भावाबहिणींची गोष्ट थोडीफार फसली, तरी शेजारच्या खुर्चीत खरी बहीण बसलेली असल्यामुळे संध्याकाळ झकास गेलेली असते आणि त्या संध्याकाळचे तारे चित्रपटाच्या नावावर जमा होतात. त्यामुळे अभिप्राय वाचणाऱ्याचे पहिले काम म्हणजे कौतुक नेमके कोणाचे चालले आहे, कलाकृतीचे की सोबतीचे, हे वेगळे काढणे.

२०२३ साली प्रदर्शित झालेल्या ‘बाईपण भारी देवा’चे उदाहरण घेता येईल. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने पुन्हा जवळ येतात, अशी त्याची गोष्ट आहे; आणि तो पाहायला महाराष्ट्रभर बायका गटागटाने, नटूनथटून चित्रपटगृहात गेल्या. अशा चित्रपटाबद्दल ‘आम्ही भिशीच्या सगळ्याजणी गेलो, फार मजा आली, पाच तारे’ असे कोणी लिहिले, तर त्यात खोटे काहीच नाही. मात्र जो माणूस तो घरी, एकट्याने, मोबाईलच्या पडद्यावर पाहणार आहे, त्याला त्यातून फारसे काही मिळत नाही. याउलट ‘मध्यंतरानंतर गोष्ट रेंगाळते, माझा दहा वर्षांचा मुलगा उठून गेला, पण सासूबाईंना शेवटपर्यंत आवडला’ असे तीन ताऱ्यांचे एखादे मत वाचले, की कोणाला काय आवडले आणि कुठे कंटाळा आला हे एका वाक्यात कळते. म्हणून पाच तारे आणि एक तारा बाजूला ठेवून आधी तीन-चार ताऱ्यांची मते वाचावीत आणि त्यांतही ‘कोणाबरोबर पाहिले’ याचा उल्लेख असलेली निवडून वाचावीत.

‘रडू आवरले नाही’ हे आपल्याकडे चित्रपटाला दिलेले प्रशस्तिपत्रकच मानले जाते. परंतु रडू कशामुळे आले हे पाहिल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. २०१६ सालचा ‘व्हेंटिलेटर’ पाहावा. घरातला वडीलधारा माणूस अत्यवस्थ होतो, सगळा गोतावळा रुग्णालयात जमतो आणि जुने मानापमान वर येतात. ज्यांच्या घरी नुकतेच मोठे आजारपण होऊन गेले, ते हा चित्रपट इतरांसारखा पाहू शकणार नाहीत आणि त्यांचे मतही इतरांसारखे असणार नाही. विनोद, गोंधळ, भांडणे असे शब्द अभिप्रायांत वारंवार येतात, की आजारपण, मृत्यू, वाटणी असे शब्द, हे चाळून पाहिले तर आपल्या घरात त्या दिवशी काय चालेल याचा बराच अंदाज येतो.

आकड्यांचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, हेही लक्षात असू द्यावे. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावर दहापैकी दिसणारा आकडा भारित सरासरीचा असतो, म्हणजे त्यात प्रत्येक मताचे वजन सारखे धरलेले नसते. रॉटन टोमॅटोज या समीक्षा एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे किती समीक्षकांचे मत अनुकूल आहे याचे प्रमाण, त्यामुळे सगळ्यांना ‘बरा’ वाटलेला चित्रपटही तिथे शंभर टक्क्यांच्या जवळ जाऊ शकतो. मराठी चित्रपटांना अशा ठिकाणी पुष्कळदा मोजकीच मते पडलेली असतात, म्हणून मतदारांची संख्या पाहिल्याशिवाय सरासरी पाहू नये. मुलांना दाखवायचे की नाही, हा प्रश्न मात्र अभिप्रायांवर सोडू नये. चित्रपटविषयक कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत. त्यासाठी प्रमाणपत्रच पाहावे.

म्युझिक व्हिडिओंखालची मते हा प्रकार निराळा आहे. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकांना दाखवणे बंद केले. त्यामुळे पसंतीचा मोठा आकडा एकटाच समोर येतो आणि नावडलेल्यांचा पत्ता लागत नाही. सर्वांत वर टाचून ठेवलेली प्रतिक्रिया वाहिनीने स्वतः निवडलेली असते, तेव्हा ती सोडून द्यावी आणि क्रम बदलून सर्वांत नव्या प्रतिक्रिया वाचाव्यात. मिनिट-सेकंद टाकून ‘इथे आजोबा फेर धरतात ते बघा’ असे सांगणारी प्रतिक्रिया बदामाच्या दहा चिन्हांपेक्षा मोलाची. लग्नाच्या संगीतासाठी किंवा भाऊबीजेच्या व्हिडिओसाठी गाणे शोधत असाल, तर ‘बहिणीच्या हळदीला लावले, सगळे नाचले’ अशा नोंदी उपयोगी पडतात. केवळ चित्रीकरणाची वाखाणणी असेल, तर गाणे पडद्याविना कितपत उभे राहते हे डोळे मिटून एकदा ऐकून ठरवावे.

ऑडिओबुकच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो अभिवाचकासाठी, कारण कुटुंबाच्या गोष्टीत एकाच आवाजाला आजी, सून, धाकटा दीर आणि शेंडेफळ अशी सगळी माणसे उभी करायची असतात. ऑडिबल या ऑडिओबुकांच्या सेवेवर एकूण पसंती, सादरीकरण आणि कथा यांचे तारे वेगवेगळे देता येतात. कथेला भरभरून आणि सादरीकरणाला कमी तारे दिसले, तर ते पुस्तक छापील घेतलेले बरे. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद असतील, तर त्या मुलखातल्या श्रोत्याचे मत शोधावे, कारण हेल चुकला की तो त्याला पहिल्या पाच मिनिटांत खटकतो. पुस्तक संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे तपशिलात पाहून घ्यावे. ‘गोष्ट घाईत संपली’ या तक्रारीचे मूळ अनेकदा तिथेच असते. आणखी एक बारकावा असा, की अनेक श्रोते हेडफोन लावून एकटे ऐकतात, तर आपल्याला कदाचित गाडीत चौघांनी मिळून ऐकायचे असते. गाडीच्या आवाजात हळू, कुजबुजते वाचन बुडून जाते, तेव्हा नमुन्याचा तुकडा प्रत्यक्ष गाडीत लावूनच पाहावा.

खोटी मते ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. पहिला खेळ सुटण्याआधीच आलेले कौतुक, वेगवेगळ्या नावांनी आलेले तेच वाक्य, आणि पात्रांची नावे न घेता नुसते ‘अप्रतिम, प्रत्येकाने पाहावा’ असे लिहिलेले मत यांना जमेत धरू नये. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ साली आयएस १९००० हे मानक आणले, पण ते जाहीर झाले तेव्हा ऐच्छिक ठेवले होते. त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नये.

स्वतः लिहिताना वर जे शोधले तेच द्यावे: कोणाबरोबर पाहिले, त्यांची वये काय, कोण कुठे कंटाळले, कोणता प्रसंग सगळ्यांनी पुन्हा लावायला सांगितला. परदेशात राहणाऱ्यांनी सबटायटल्स आहेत का, आणि मराठी जेमतेम समजणाऱ्या नातवंडांना ती पुरली का, एवढे अवश्य नोंदवावे. शेवट मात्र फोडू नये. सांगणे भागच असेल, तर त्याआधी स्वतंत्र ओळीत तशी सूचना द्यावी.