हाती पद नसताना गावाची फरदड कशी मोडावी

मी राळेगाव तालुक्यातली चार एकरांची शेतकरीण. सरपंच नाही, बचत गटाची अध्यक्षही नाही. गटात माझं काम वही लिहायचं. तरी तीन वर्षांत आमच्या शिवारातली फरदड बरीचशी मोडली. तुमच्या गावात हेच करायचं असेल तर ऐका.

फरदड म्हणजे डिसेंबरात कपाशी न उपटता, पाणी देऊन उन्हाळ्यापर्यंत पुन्हा कापूस घेणं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भभर बोंडं पोखरली. तेव्हापासून सगळे सांगतात, फरदड ठेवू नका. पुढचा पेरा होईस्तोवर शिवारात कपाशीच नसली तर अळीची साखळी तुटते. पण एकानं ठेवली तरी पुरे, अळीचा जो पतंग होतो त्याला कुठं वावराचा धुरा, म्हणजे बांध कळतो?

पहिल्या वर्षी मी चुकले. मारुतीच्या पारावर उभी राहून अळीचं जीवनचक्र सांगत बसले. एक काकाजी म्हणाले, "हे तं आमाले बी माईत हाय बाई. पोरीच्या लग्नाले फरदडीचा पैसा लागते, तो तू देशीन का?" मी पत्रकं गोळा करून घरी आले.

म्हणून आधी वही घ्या आणि घरोघर विचारा: फरदड गेली तर तुमचं काय जाईल? समजवायचं नाही, नुसतं लिहायचं, आणि लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवायचं. विहीरवाल्याचा दोन-तीन क्विंटल कापूस जाणार होता, बकऱ्यावाल्यांचा पाला. आणि माझ्या ध्यानीमनी नव्हतं ते सरपण! अंगणात रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, कितीतरी घरी वर्षभर चुलीत जाते, आणि त्याच ढिगातल्या किडक्या बोंडांत अळी झोपून असते. शास्त्राप्रमाणे ढीग ठेवूच नये. पण दुसरीची चूल विझवणारी मी कोण? शेवटी ठरलं ते असं: बोंडं झोडपून जाळायची आणि ढीग मिरगाच्या आत संपवायचा. अर्धं पाऊल आहे, मला मान्य आहे.

मग दाखवा, पण स्वतःच्या हातानं नाही. नोव्हेंबरात काकाजींनाच त्यांच्या वावरातली २० हिरवी बोंडं तोडायला सांगितली. अळी आत शिरली की छिद्र बुजतं, त्यामुळे बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. २० पैकी २ किडकी निघाली की फवारणीची वेळ आली समजायचं. काकाजींनी विळ्यानं चिरली तर ७ निघाली. माझी जीभ शिवशिवत होती. बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

खरं काम वेचणाऱ्या बायांनी केलं. वेचणीचा भाव किलोवर. फरदडीत दिवसभर वाकून ओटी भरत नाही आणि हाती येते ती कवडी. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, तर त्यांनी मालकिणींना सांगून टाकलं, "फरदड वेचाले आमी येत नाई." माझ्या दहा सभांनी हे झालं नसतं. पण त्यांची मजुरी बुडू नये म्हणून दोन विहीरवाल्यांना उन्हाळी तीळ आणि भुईमुगाकडे वळवलं. निंदणाचं काम निघालं.

तारीख मात्र ज्याचं जास्त जाणार त्यालाच ठरवू द्या. कागदावर डिसेंबर अखेर आहे; काकाजी म्हणाले संक्रांत. मी पंधरा दिवस सोडले.

आणि स्वतःचं आधी उपटा. माझ्या कपाशीवर बोंडं असतानाच मी डिसेंबरात उपटली. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी स्वतःच शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या घरी तं सुरू बी झालं."

गावातला एक शेतकरी भाऊ अजून ऐकत नाही. त्याला वाळीत टाका म्हणणारे होते, मी नको म्हटलं. उलट खरिपात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले, एकरी दोन, तेव्हा त्याच्या बाजूचे पतंग मोजायचं काम त्यालाच दिलं. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ पतंग आले तर गावाला कळवायचं. सगळ्यांच्या आधी, पहाटेच, त्याचा आकडा मोबाईलवर येतो. फरदड यंदा उपटतो म्हणालाय. बघू.