इंजिन बसलं, आता जुनी गाडी दुरुस्त करायची की भंगारात काढायची?

गाडी रस्त्यात बंद पडली, टो करून गॅरेजला नेली आणि मेकॅनिकने बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगून टाकलं की इंजिन गेलं, आता हिच्यात पैसे घालू नका. माझ्या बाबतीत हे दोनदा झालंय, दोन वेगळ्या गाड्या, एक मी दुरुस्त केली आणि पुढे सहा वर्षं चालवली, दुसरी भंगारात दिली, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला आजही वाटतं. हे नीट लिहितोय कारण त्या दोन-चार दिवसांत माणूस पार गोंधळलेला असतो, गाडीवाचून कामं अडलेली असतात, आणि त्या घाईत एकतर धडधाकट गाडी कवडीमोलाने हातची जाते नाहीतर खालून गंजलेल्या गाडीत पैसा ओतला जातो.

पहिली गोष्ट, "इंजिन गेलं" हे निदान नाही. नेमकं काय गेलं ते कळल्याशिवाय कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. चालती गाडी अचानक बंद पडून परत चालू होत नाही याला फ्युएल पंप, क्रँक सेन्सर (क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, त्याच्यावर लक्ष ठेवणारा सेन्सर), स्टार्टर, एखादा रिले, अगदी इमोबिलायझरसुद्धा (योग्य चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) कारण असू शकतं आणि यातलं काहीही झालं तरी इंजिन आतून शाबूत असतं, त्यामुळे आधी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. पी०३३५ असा कोड आला तर तो क्रँक सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगचा असतो, आणि तेवढ्यासाठी कोणी इंजिन उतरवायला सांगत असेल तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या.

गॅरेजच्या आधी स्वतः बघण्यासारखंही बरंच असतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसत असेल तर त्यात कूलंट गेलंय म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलीय, नाहीतर हेडला तडा. ऑइलमध्ये चकचकीत कण दिसत असतील तर बेअरिंग खाल्लं गेलंय. डिपस्टिकला ऑइलच लागत नसेल तर मग कारण समोरच आहे, आतले भाग कोरडे घासले गेलेत. बंद पडण्याआधी धूर येत होता का ते आठवा, पांढरा दाट आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळत होतं, निळसर असेल तर ऑइल, काळा असेल तर इंधन जास्त जात होतं आणि हा शेवटचा प्रकार बहुतेक वेळा किरकोळ निघतो. आवाजही आठवा, रेस दिल्यावर खालून ठक-ठक असा जड आवाज येत होता का, तो कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो आणि तसा आवाज असताना गाडी पुढे दामटली असेल तर क्रँकला मार बसलेला असण्याची शक्यता जास्त.

मग इंजिन फिरतंय का ते बघायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण लावलेली, सगळे प्लग काढलेले, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा सॉकेट लावून नेहमी फिरतं त्याच दिशेने हाताने हळू फिरवायचं. फिरलं तर जाम नाही. अजिबात हललं नाही तर अल्टरनेटर-एसी फिरवणारा पुढचा पट्टा (टायमिंग बेल्ट नव्हे) काढून परत बघा, कारण कधीकधी अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम होतो आणि सगळे इंजिनला दोष देतात. पाण्यातून गाडी नेताना बंद पडली असेल तर मात्र स्टार्टर मारूच नका, पाणी दाबलं जात नाही त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर घालवायचं, एअर फिल्टर ओला आहे का बघायचं. लवकर थांबलात तर असं इंजिन वाचतंही.

गॅरेजमध्ये दोन टेस्ट आग्रहाने करून घ्या, एक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ती मोजणारी, आणि दुसरी लीकडाउन. पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन चांगल्या स्थितीत साधारण १२० ते १८० पीएसआयमध्ये असतं, डिझेलचं त्याच्या दुपटीहून जास्त, पण आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक महत्त्वाचा, १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर गडबड आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर बहुतेक त्यांच्या मधली गॅस्केट उडालीय. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं (हे पेट्रोलसाठी), आकडा वाढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. लीकडाउनमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकतात, सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग-पिस्टन, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. एवढं एक-दोन तासांत होतं आणि त्याचे पैसे द्यायला अजिबात मागेपुढे बघू नका, पुढचा सगळा हिशोब यावरच उभा राहतो.

आता दुखणं किती खोल आहे ते कळतं. हेडपुरतं असेल, म्हणजे गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह, तर खालचं इंजिन न उतरवता बऱ्याच गाड्यांचं काम होतं. जास्त गरम झालेल्या गाडीत हेड वाकतं कारण ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल तर ओढाताण होतेच. त्यामुळे नुसती गॅस्केट बदलून देतो म्हणणाऱ्याला विचारा की हेड सरळपट्टीने तपासणार का आणि प्रेशर टेस्ट करणार का. ०.०५ मिमीच्या वर बाक असेल तर साधारणपणे फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) करावंच लागतं, नेमकी मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते. हे न करता बसवलेली नवी गॅस्केट काही महिन्यांत परत उडते, माझ्या पहिल्या गाडीत एका गॅरेजने नेमकं हेच केलं होतं आणि मला तेच काम दोनदा करावं लागलं.

टायमिंग बेल्ट तुटला असेल तर इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, काहींत येत नाहीत आणि नवा बेल्ट टाकून गाडी चालू होते. खालचं काम असेल, रिंग-पिस्टन, बेअरिंग, क्रँक, तर इंजिन पूर्ण उतरवून बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजायचं, ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकून रीबोअर (सिलिंडर आतून तेवढा मोठा करणं), क्रँकचं ग्राइंडिंग, हे मोठं काम आहे पण होतं. ब्लॉकला भोक पडून रॉड बाहेर आला असेल तर मात्र ते इंजिन विसरा, दुसरं इंजिन की भंगार एवढाच प्रश्न उरतो.

यानंतर थोडं थांबून इंजिन पूर्णपणे बाजूला ठेवायचं आणि उरलेली गाडी बघायची. माझ्या मते निर्णय इथेच होतो. इंजिन हा गाडीचा महाग भाग असला तरी बदलता येणारा भाग आहे, गंजलेला सांगाडा बदलता येत नाही. गाडी लिफ्टवर चढवा, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा, दाराखालचे सिल, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं त्या जागा, सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट), फ्लोअर, सगळीकडे दाबून बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो, पण स्क्रूड्रायव्हर आत घुसला, पापुद्रे निघाले, तर अपघातात ती गाडी तुम्हाला वाचवणार नाही, आणि मग इंजिन फुकट मिळालं तरी बसवू नये असं मी सांगेन. माझी दुसरी गाडी याच कारणाने गेली, तिची नुसती गॅस्केट उडाली होती, सोपं काम होतं, पण मागच्या सस्पेन्शनचा माउंट हाताने भुगा होत होता.

गिअरबॉक्सचं काय, तर बंद इंजिनवर तो तपासता येत नाही. शेवटच्या महिन्यात गिअर अडकत होता का, क्लच घसरत होता का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पडायला उशीर किंवा झटका होता का ते प्रामाणिकपणे आठवा, ऑटोमॅटिकचं ऑइल काळपट आणि जळका वास असलेलं असेल तर तोही खर्च रांगेत उभा आहे असं समजा. टायर, ब्रेक, शॉकअब, एसी, स्टिअरिंग, पुढच्या वर्षा-दीड वर्षात यातलं काय काय निघणार आहे ते कागदावर लिहून काढा.

आणि इंजिन का गेलं हे शोधा! रेडिएटर चोकअप झालेला, पंखा लागत नव्हता, वॉटर पंप गळत होता, ऑइल पंप कमजोर, जे काही कारण असेल ते तसंच ठेवून नवीन इंजिन बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार. दुरुस्तीच्या एस्टिमेटमध्ये मूळ कारणाची ओळ नसेल तर ते एस्टिमेट अर्धवट आहे.

आता हिशोब. आकडे सोपे व्हावेत म्हणून समजा, तुमच्यासारखीच, त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली पण चालू गाडी १०० ला मिळते. तुमची आहे त्या अवस्थेत २० ला जाईल. दुरुस्ती ६० असेल तर करून विकली तरी ४० मोकळे होतात, म्हणजे बंद गाडी विकण्यापेक्षा २० जास्त. दुरुस्ती ९० झाली तर विकण्यासाठी करण्यात अर्थ नाही, १०० मिळून हातात १० उरतात, तशीच विकून २० मिळाले असते. पण ठेवायची असेल तर प्रश्न वेगळा होतो, तेव्हा २० आणि ९० मिळून ११० ला तुम्हाला अशी गाडी पडते जिचं इंजिन नवीन बांधलेलं आहे आणि बाकीचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, आणि समोर १०० ची गाडी आहे जिचं काहीच माहीत नाही, तिचा टायमिंग बेल्ट कधी बदलला हेही नाही. बॉडी ठणठणीत असेल तर मी ११० वाली घेईन. खर्च निम्म्याच्या वर गेला की सोडून द्या असा नियम बरेच जण सांगतात, विकायचं असेल तर तो ठीक आहे, वापरायची असेल तर त्यावर आंधळेपणाने जाऊ नका. शेवटी दुरुस्तीचा खर्च भागिले गाडी अजून किती महिने चालेल, हा आकडा काढून दुसऱ्या गाडीच्या महिन्याच्या खर्चाशेजारी ठेवा. आधी घातलेले पैसे या हिशोबात धरायचे नाहीत, ते गेले, फक्त नवीन टायरसारखी जी वस्तू अजून कामाची आहे तिचं उरलेलं आयुष्य धरा.

दुरुस्त करायचं ठरलं तर सांगितलेल्या रकमेवर मी स्वतः पाव हिस्सा वाढवून धरतो, कारण इंजिन खोलल्यावर काहीतरी निघतंच. मेकॅनिकशी आधीच बोलून ठेवा, उघडायचे किती, उघडून काम नाही केलं तर किती, आणि अमुक रकमेच्या वर जात असेल तर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे सगळं लिहून घ्या. बदललेले पार्ट परत मागा.

जुनं चालू इंजिन आणून बसवणं बऱ्याचदा बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं, फक्त इंजिनचा कोड आणि व्हेरियंट जुळला पाहिजे, नाहीतर सेन्सर आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) घोळ होतो. कॉम्प्रेशनचे आकडे बघितल्याशिवाय घेऊ नका आणि बसवण्याआधी, इंजिन जमिनीवर असतानाच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं ऑइल सील, क्लच प्लेट बदलून टाका कारण नंतर त्याच कामाची मजुरी परत द्यावी लागते. वॉरंटी इंजिनची आहे की बसवण्याच्या मजुरीसकट, ते विचारा. गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर तो बदलून घ्यावाच लागेल. बांधलेल्या इंजिनला पहिले १,००० किमी फार ताणू नका, मग ऑइल आणि फिल्टर बदला, आणि महिनाभर रोज सकाळी थंड असताना कूलंट बघत जा.

सोडायचं ठरलं तरी पहिल्या भंगारवाल्याला देऊ नका. बंद पण बॉडी चांगली असलेली गाडी दुसरा मेकॅनिक किंवा त्याच मॉडेलवाला भंगारापेक्षा बऱ्याच जास्त पैशाला घेतो, त्याला पार्टसाठी हवी असते. वजनावर भाव देणाऱ्याला कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर स्वच्छ करणारा भाग) वेगळा धरलाय का ते विचारा, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं आणि अलॉय व्हील, बॅटरी यांचीही वेगळी किंमत असते. पार्ट स्वतः काढून विकायचे असतील तर जागा आणि महिने हवेत, एअरबॅगला मात्र हात लावू नका, तो स्फोटक भाग आहे, आणि ऑइल-कूलंट जमिनीवर ओतू नका. गाडीच्या स्क्रीनमधले फोन नंबर आणि घरचा पत्ता पुसा, डॅशबोर्डच्या खणातले कागद काढा, विमा बंद करा आणि गाडी तुमच्या नावावरून कमी झाल्याचा किंवा मोडीत निघाल्याचा अधिकृत कागद घ्या, नाहीतर पुढे त्या नंबरवर काही झालं की विचारणा तुमच्याकडे येते. मी माझ्या दुसऱ्या गाडीची चावी तो कागद हातात पडल्यावरच दिली होती.