वाढत्या वयातील खेळाडूचे दुखणे: पालकांनी आणि प्रशिक्षकांनी काय पाहावे

मूल सरावाहून आल्यावर ‘गुडघा दुखतो’ म्हणाले की बहुतेक घरांत एकतर ‘वाढीचे दुखणे आहे, जाईल आपोआप’ असे म्हणून विषय मिटवला जातो, नाहीतर खेळच बंद केला जातो. मुलांच्या क्रीडावैद्यकात काम करणाऱ्या डॉक्टरचा बराचसा वेळ या दोन टोकांच्या मधला रस्ता शोधण्यात जातो. बहुतेक वेळा खेळ थांबवावा लागत नाही, तो मापात आणावा लागतो. मात्र काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबून चालत नाही.

वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तेथूनच वाढते आणि आजूबाजूच्या हाडापेक्षा तो थर नाजूक असतो. म्हणूनच ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळतो, त्याच झटक्याने मुलाच्या घोट्यातील हा थर दुखावू शकतो. मुलींची उंची साधारण १२ व्या आणि मुलांची १४ व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. या काळात स्नायू आखडलेले वाटतात आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) जेथे हाडाला चिकटते तेथे ताण येतो. त्यामुळे दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करावी आणि ती झपाट्याने वर सरकू लागली की उड्या व वेगवान धावणे काही आठवडे कमी करण्याविषयी प्रशिक्षकांशी बोलावे.

मुलाला ‘कुठे दुखते ते एका बोटाने दाखव’ असे सांगावे. बोट गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर गेले आणि तेथे अंगठ्याने दाबल्यावर मूल कळवळले, तर तो बहुधा कंडरेच्या अशाच ताणाने होणारा ऑसगुड-श्लॅटर हा विकार असतो. १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये दाबल्यावर दुखत असेल, तर सेव्हरचा विकार, म्हणजे टाचेच्या हाडावरचा असाच त्रास, असण्याची शक्यता अधिक. दोन्ही त्रास वाढ पूर्ण होताना शमतात, पण तोवर मुलाने नुसते सोसत राहावे असा त्याचा अर्थ नाही. दुखणे सौम्य असेल, धावण्याची ढब बदलत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरत असेल, तर कमी केलेला सराव चालू ठेवता येतो. लंगडणे दिसले की त्या दिवशीचा खेळ तेथेच थांबवावा. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवू नये, कारण दुखणे हीच आपल्याकडची सूचना असते आणि गोळी तीच दडपते.

गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा गुडघा तपासणीत अगदी ठीक निघाला, तर खुबा तपासलाच पाहिजे. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचे वरचे टोक ग्रोथ प्लेटवरून घसरू शकते आणि त्याची वेदना मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. मूल लंगडत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले दिसत असेल, तर त्याला चालू न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि खुब्याचा एक्स-रे काढण्याविषयी विचारावे. उशीर झाल्यास सांध्याचे कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून हा मुद्दा मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगतो.

जिम्नॅस्ट किंवा वेगवान गोलंदाज मुलाची कंबर दोन-तीन आठवडे दुखत राहिली आणि मागे वाकल्यावर कळ वाढत असेल, तर मणक्यातील ताणाच्या फ्रॅक्चरची (वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेची) तपासणी करावी. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप किंवा सांध्याला सूज असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरणार नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, आकडी (फिट) किंवा न आवरणारी गुंगी असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. नंतरही आधी शाळा पूर्ववत व्हावी, मग डॉक्टरांच्या संमतीने खेळ टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यावेत.

सरावाचे तास आठवड्याला मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा ठोकताळा उपयोगी आहे; दहा वर्षांच्या मुलासाठी दहा तास. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने मुख्य खेळापासून दूर राहणेही गरजेचे आहे. ही विश्रांती एकेका महिन्याच्या तुकड्यांनी घेतली तरी चालते. खेळाडू मुलीची पाळी तीन महिने चुकली किंवा १५ वर्षांपर्यंत सुरूच झाली नाही, तर खाणे सरावाला पुरत नसल्याची शंका घेऊन तपासणी करावी.

डॉक्टरांकडे जाताना खेळताना वापरायचे बूट आणि आठवड्याचे वेळापत्रक सोबत न्यावे. शाळा, क्लब आणि खासगी शिकवणी यांचे तास एकाच कागदावर आले की कधी कधी निदान तेथेच दिसते. प्रश्नाचे उत्तर आधी मुलाला देऊ द्यावे आणि डॉक्टरांनी त्याच्याशी थोडा वेळ एकट्याने बोलायचे म्हटल्यास बाहेर थांबावे, कारण संघातून वगळले जाण्याच्या भीतीने मुले आई-वडिलांसमोर दुखणे लपवतात. निघण्यापूर्वी काय बंद, काय चालू आणि पुढचा टप्पा कशावर ठरणार हे कागदावर लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत प्रशिक्षकांना द्यावी.